‘घाण बाहेर पडतेय, लावत राहा’

ताई, सप्रेम नमस्कार.

मी २४ वर्षांची, बार्शी तालुक्यातल्या एका गावची. पतसंस्थेत नोकरी करते. माघात माझं लग्न आहे. रंग सावळा. साखरपुड्यात होणाऱ्या सासूबाई सहज म्हणाल्या, “लग्नापर्यंत जरा उजळली तर फोटो झकास येतील.” तेव्हापासून रिल्स बघायला लागले. लिंबू-बेसन, कॉफी-साखर, टूथपेस्ट, सगळं करून झालं. मग इन्स्टाग्रामवरच्या एका पेजवरून नाइट क्रीम मागवली. पांढरी डबी, वर सोनेरी स्टिकर, बाकी काही लिहिलेलं नाही. नऊशे रुपये. दहा दिवसांत चेहरा असा उजळला की ऑफिसातल्या सगळ्या विचारायला लागल्या. पेजवाल्या ताई म्हणाल्या, ‘रिसेलर हो.’ मी चौघींना दिली, आईलाही दिली. साडेतीन महिने झाले. दिवाळीत मावशीकडे गेले, डबी घरीच राहिली, तर चौथ्या दिवशी चेहरा लालबुंद, आग, बारीक पुटकुळ्या. गालांवर लव वाढलीय. पेजवाल्या ताई म्हणतात, “पर्जिंग आहे ते. घाण बाहेर पडतेय, लावत राहा. थांबलीस तर सगळं वाया.” परत लावली की दोन दिवसांत शांत होतं. आईच्या चेहऱ्याला काहीच झालेलं नाही. तिचे फक्त सकाळी डोळे आणि संध्याकाळी पाय सुजतात, पण तिला दगदगही फार आहे. धाकटी आठवीत आहे, ती आता सिरम मागते. लावू की थांबू? लग्नापर्यंत चेहरा नीट होईल का?

— एक नवरी

प्रिय नवरीबाई,

तू विचारलंस स्वतःच्या चेहऱ्याचं, पण मी आधी आईविषयी बोलणार आहे. सकाळी डोळे सुजतात आणि संध्याकाळी पाय, हे तू ‘फक्त’ म्हणून लिहिलंस. दगदगीनं पाय सुजतात, मान्य. रोज सकाळी डोळे सुजायला दगदग हे कारण मी सहजासहजी मानणार नाही. आईनं ती क्रीम आज रात्रीपासून लावायची नाही. उद्या सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन बार्शीच्या लॅबमध्ये द्यायची. ‘युरिन रुटीन’ एवढं सांग, त्यात अल्ब्युमिन हे प्रथिन जातंय का ते कळतं. तपासणी स्वस्तातली आहे. त्याच वेळी मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते कळायला रक्तातलं क्रिएटिनिन करून घ्या आणि रक्तदाब मोजून घ्या. लघवीला फेस येतो का, हेही आईला विचार. बायका हे आपणहून सांगत नाहीत, विचारलं की सांगतात. लघवीत अल्ब्युमिन निघालं, तर त्याच दिवशी फिजिशियनकडे, नाहीतर सरळ सोलापूरच्या सिव्हिलला. लघवी कमी झाली असेल, दम लागत असेल, तर रिपोर्टची वाट न बघता निघा.

घाबरवायला लिहीत नाही. ज्यावर कंपनीचं नाव नाही, घटक लिहिलेले नाहीत आणि जी दहा दिवसांत गोरं करते, अशा क्रीममध्ये दोन गोष्टींचा संशय आधी घ्यायचा असतो: पारा आणि स्टिरॉइड. कधी कधी दोन्ही एकाच डबीत असतात. तुझ्या डबीत नेमकं काय आहे ते प्रयोगशाळेशिवाय कोणी सांगू शकणार नाही. पण तुझा चेहरा स्टिरॉइडकडे बोट दाखवतोय आणि आईची सूज पाऱ्याची शंका आणतेय. म्हणून दोन्ही धरून चालू.

पाऱ्याचे क्षार कातडीचा रंग तयार होण्याची क्रियाच अडवतात, त्यामुळे उजळपणा येतो आणि तो खरा असतो. हीच त्यातली फसगत आहे. चेहऱ्याला आग नाही, पुरळ नाही, बाई खूश. पारा मात्र कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. मूत्रपिंडाची चाळण बिघडली की रक्तातली प्रथिनं लघवीवाटे वाहून जातात आणि अंगावर सूज येते. आईच्या चेहऱ्याला काही झालं नाही म्हणून क्रीम तिला ‘सूट झाली’ असं समजू नकोस.

हे लांब कुठे घडणारं नाही. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एका विद्यार्थिनीनं ब्यूटिशियनकडून क्रीम घेतली. रंग उजळलेला बघून आई आणि मोठी बहीणही लावायला लागल्या. तिघींचीही मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा पारा सापडला. त्याच सुमारास केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या एका ठरावीक आजाराचे रुग्ण अचानक जास्त दिसू लागले. २०२१ ते २०२३ मधल्या अशा २२ रुग्णांपैकी १५ जणांमध्ये एक खास खूण सापडली, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरं करणारी क्रीम लावत असल्याचं सांगितलं. ही माहिती पुढे मूत्रपिंडविकारांच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आली. त्यातली दिलाशाची गोष्ट अशी की क्रीम थांबवल्यावर बहुतेकांचा आजार ओसरला. म्हणून तर आज रात्रीपासून म्हणाले.

आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनात पारा घालायला कायद्यानं बंदी आहे. २०२० च्या नियमांप्रमाणे नकळत मिसळला गेला तरी तो १ पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत एक भागाच्या, वर चालत नाही. अपवाद आहे तो फक्त डोळ्यांच्या प्रसाधनांना. बाजारातल्या बेकायदा क्रीममध्ये तो हजारोंच्या घरात सापडलेला आहे.

डबीचं काय करायचं? आधी काय करायचं नाही ते सांगते. ती उकिरड्यावर फेकायची नाही आणि पाचोळ्याबरोबर जाळायची तर मुळीच नाही. गावाकडे कचरा सर्रास पेटवतात, पण पारा असेल तर त्याची वाफ होऊन ती घरातल्याच माणसांच्या छातीत जाते. झाकण घट्ट लाव, डबी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेव आणि डॉक्टरांकडे जाताना बरोबर ने. तुम्हा दोघींचे टॉवेल आणि उशांचे अभ्रे वेगळे धू. धाकटी आईजवळ झोपत असेल तर तिचीही लघवी तपासून घे. क्रीम न लावणाऱ्या लहान मुलांच्या अंगातही घरातल्या टॉवेल-अंथरुणातून पारा गेल्याची उदाहरणं आहेत.

आणखी एक, लग्न तोंडावर आहे म्हणून सांगते. पारा गर्भापर्यंत पोचतो. लग्नानंतर लगेच मूल हवं असेल, तर आधी डॉक्टरांना या क्रीमची सगळी हकिगत सांगायची आणि त्यांनी हो म्हटल्यावरच पुढचा विचार करायचा. रक्तातला-लघवीतला पारा मोजायची सोय बार्शीत बहुधा होणार नाही, नमुना मोठ्या लॅबकडे पाठवावा लागतो. ते तुझे डॉक्टर ठरवतील.

आता तुझा चेहरा.

स्टिरॉइडची मलमं म्हणजे विष नव्हे. इसब, सोरायसिस यांना आम्ही ती रोज लिहून देतो. मात्र कोणतं, कुठे, किती दिवस, हे ठरवून. चेहऱ्याची कातडी पातळ, तिथे औषध जास्त शोषलं जातं. लावल्यावर रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून कातडी फिकी दिसते. दाह दबतो, म्हणून मुरमं बसतात. रंग बनवणाऱ्या पेशी मंदावतात. दहा दिवसांत ऑफिसातल्या मुली विचारायला लागल्या त्याचं कारण हे. एवढ्या झपाट्यानं रंग बदलतो तेव्हा औषध काम करत असतं, आणि औषध आहे म्हटल्यावर त्याचा डोस आहे, मुदत आहे आणि दुष्परिणामही आहेत. ते तुला कोणीच सांगितले नाहीत.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून बिल येऊ लागतं. कातडी विरविरीत होते, आतल्या लाल रेषा दिसतात, उन्हात गेलं की चुरचुरतं, मुरमं येतात, लव वाढते. आणि क्रीम सुटली की इतके दिवस आकसून ठेवलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुलतात. चौथ्या दिवशी लालबुंद, आग, पुटकुळ्या, हे तू मावशीकडे अनुभवलंसच. परत लावली की शांत, हेही तूच लिहिलंस. चेहऱ्याला त्या औषधाची सवय लागलीय. आपल्याकडे हे इतकं दिसतं की भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनीच या अवस्थेला ‘टीएसडीएफ’, म्हणजे स्टिरॉइडनं बिघडलेला आणि त्याच्या अधीन झालेला चेहरा, असं नाव दिलं. देशातल्या वेगवेगळ्या केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. त्यात ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. तेव्हा रिल्स नव्हत्या. औषधाचं दुकान, पार्लर आणि शेजारीण एवढ्यांवरच भागत होतं.

आता ते ‘पर्जिंग’. पेजवाल्या बाईंनी तो प्रकार कुठून उचलला ते मला माहीत आहे, कारण तो आमच्याच पुस्तकातला आहे. मुरमांसाठी रेटिनॉइड गटातलं औषध सुरू केलं की पहिल्या चार-सहा आठवड्यांत काहींची मुरमं थोडी वाढतात आणि मग बसतात. हे औषध सुरू करताना होतं, आणि मुरमं नेहमी जिथे येतात तिथेच वाढतात. तुझं झालं तिसरा महिना उलटल्यावर, आणि तेही क्रीम थांबवल्यावर. त्यात आग आहे, लव आहे. यातलं काहीही पर्जिंगमध्ये बसत नाही. आणि आत कसली घाण साठलेली असते? कातडी म्हणजे काही तुंबलेली मोरी नव्हे.

मला त्या बाईंच्या क्रीमइतकीच त्यांच्या या वाक्याची भीती वाटते. चेहरा चांगला झाला तर क्रीमचा गुण, बिघडला तरी क्रीम काम करतेय याचाच पुरावा! मग थांबायचं कधी, हे कळायला तुझ्याकडे काय उरलं? कोणताही उपाय विकणाऱ्याला आधीच विचारून ठेवावं, “काय झालं तर मी हे बंद करायचं?” ज्याच्याकडे याचं उत्तर नाही, त्याच्याकडून पाण्याची बाटलीसुद्धा घेऊ नये, असं माझं मत आहे.

तर, लावू की थांबू? थांब. त्यात पारा असण्याची शक्यता आहे, तेव्हा ‘हळूहळू कमी करते’ म्हणून तीच डबी वापरत राहू नकोस. मात्र थांबून घरी बसूही नकोस, याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाला दाखव. कारण थांबल्यावर चेहरा पुन्हा भडकणार, बहुधा दिवाळीपेक्षा जास्त. त्या वेळी हाताशी दुसरं औषध नसेल तर तू पुन्हा डबी उघडशील. सगळ्याच उघडतात. तज्ज्ञांकडे या भडक्यावर औषधं आहेत. कोणती, ते तुझा चेहरा बघून ते ठरवतील, त्यामुळे मी इथे नावं लिहीत नाही. नाहीतर उद्या माझ्याच सदराची रील व्हायची. फार थकवा, चक्कर, उलट्या असं काही असेल तर तेही त्यांना सांग. स्टिरॉइड अंगात मुरल्यावर असं होऊ शकतं, एरवी तुझ्याएवढ्या वापरात क्वचितच.

तज्ज्ञ म्हणजे कोण, हेही बघून घे. पाटीवर एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल यांपैकी काहीतरी त्वचारोगातलं असावं, आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असावा. ‘स्किन एक्स्पर्ट’ आणि ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ अशा पाट्या कोणीही लावतं. खर्चाची अडचण असेल तर सोलापूरच्या सिव्हिलला त्वचारोग विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढ. आईचं आणि तुझं एकाच फेरीत होईल. रजा टाक. लग्नाच्या खरेदीला टाकणारच होतीस ना?

तोवर चेहऱ्याला साधं पाणी, सौम्य, बिनवासाचा फेसवॉश आणि बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली. बस. सनस्क्रीन सोसत असेल तर झिंक ऑक्साइडचं लाव. चुरचुरलं तर काही दिवस ओढणी गुंडाळ, आपल्याकडच्या मुलींना ते शिकवायला नको. लिंबू बंद. लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) दोनच्या आसपास असतो, निरोगी कातडीचा पाचच्या जवळ. त्यात लिंबाच्या सालीतली काही द्रव्यं उन्हाशी जुळली की फोड येतात आणि मागे काळे चट्टे राहतात. गोरं व्हायला लिंबू चोळून काळा डाग घेऊन आलेल्या मुली आमच्याकडे उन्हाळ्यात येतातच. कॉफी-साखरेनं कातडी खरवडली जाते. टूथपेस्ट दातांसाठी आहे. बेसन एरवी निरुपद्रवी, पण आता तेही नको. कोरफडही नको. ‘नैसर्गिकच तर आहे’ असं कोणी म्हणालं, तर पाराही जमिनीतूनच निघतो म्हणावं.

तू शिकलेली मुलगी, पतसंस्थेत लोकांचे कागद तपासतेस, मग फसलीस कशी, असं स्वतःला विचारत असशील. कारण तू जे पाहिलंस ते खोटं नव्हतं. त्या रिल्समधल्या मुली खरंच उजळल्या होत्या. फक्त रील दहाव्या दिवशी काढतात. चौथ्या महिन्यातला चेहरा घेऊन कोणी कॅमेऱ्यापुढे बसत नाही, आणि ज्या तशा कॉमेंट करतात त्यांच्या कॉमेंट काढून टाकल्या जातात. वर फोनचं फिल्टर, खिडकीतला उजेड. आणि तू एका रीलवर थांबलीस की फोन तशाच आणखी चाळीस पुढे करतो. मग वाटायला लागतं, अख्खा महाराष्ट्र हीच क्रीम लावतोय.

कायदे आहेत. पैसे घेऊन एखादी वस्तू दाखवली तर तसं स्पष्ट सांगावं लागतं. आरोग्याचे सल्ले देणाऱ्यांनी आपली पात्रता दाखवावी, असं जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियामक संस्थेनं २०२३ मध्ये घालून दिलंय. २०१९ च्या ग्राहक कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या खेपेस १० लाखांपर्यंत दंड आहे. स्टिरॉइडच्या मलमांवर २०१८ मध्ये केंद्रानं चिठ्ठीची सक्ती कडक केली. पण हे सगळं उघड दुकानाला लागू पडतं. ‘किंमत डीएममध्ये’, म्हणजे खासगी मेसेजमध्ये, म्हणणारं पेज आज बंद झालं तर उद्या नव्या नावानं उघडतं. त्यामुळे लेबल बघायचं काम शेवटी आपल्यावरच येतं. उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, घटकांची यादी, वापरायची मुदत. बाहेरून आलेली असेल तर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक. सोनेरी स्टिकरवर यातलं काय होतं?

आता अवघड भाग. तू चौघींना क्रीम दिलीस. पत्रात तू त्यावरून भरकन पुढे गेलीस, पण मी जाऊ देणार नाही. त्या पेजचा धंदा असाच चालतो. अनोळखी बाईवर लोक विश्वास ठेवत नाहीत, तुझ्या उजळलेल्या चेहऱ्यावर ठेवतात. तुला कमिशन मिळालं ते त्या चेहऱ्याचं. आज संध्याकाळी चौघींना फोन कर, मेसेज नको. मेसेज वाचून माणूस म्हणतं, बघू. सांग की क्रीममध्ये पारा किंवा स्टिरॉइड असण्याची शक्यता आहे, मी बंद केली, तूही बंद कर. अचानक बंद केल्यावर चेहरा भडकेल, तेव्हा लगेच डॉक्टरांकडे जा. लघवीची तपासणी करून घे. पुढे कोणाला दिली असेल तर तिलाही कळव. कोणी गरोदर असेल, अंगावर पाजत असेल, तर तिचा फोन सगळ्यांत आधी. एखादी चिडेल, चिडू दे. कमिशनचे पैसे परत कर.

पेजवाल्या बाईंशी मात्र वाद घालत बसू नकोस. त्या तुला ब्लॉक करतील आणि पुरावा जाईल. आधी त्यांच्याबरोबरचं सगळं चॅट, पैसे पाठवल्याची नोंद, पार्सलवरचा पत्ता, डबीचा फोटो, हे जपून ठेव. मग सोलापूरच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार दे. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तूही विकलीस हे तक्रारीत लपवू नकोस. ते चॅटमध्ये दिसणारच आहे, तेव्हा आधी आपणच सांगितलेलं बरं.

धाकटीला सिरम नको. आठवीतल्या कातडीला सिरमची गरज नसते. मुरमं असतील तर तिलाही डॉक्टरांना दाखव, नसतील तर फेसवॉश आणि सनस्क्रीनवर भागव. अमेरिकेत ७ ते १८ वयाच्या मुलींच्या स्किनकेअरच्या शंभर व्हिडिओंचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या मुली सरासरी सहा वस्तू तोंडाला फासत होत्या, आणि दिवसाच्या रुटीनमध्ये सनस्क्रीन जेमतेम चौथ्या हिश्श्यात होतं. म्हणजे जे कामाचं तेच नेमकं गायब. मात्र धाकटीला उपदेश करू नकोस. तिनं मागणी केली ती तुझा चेहरा बघून. तुझं आता काय झालंय ते तिला नीट सांग, डॉक्टरांकडे जाताना बरोबर ने.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, लग्नापर्यंत चेहरा नीट होईल का. पूर्ण होईल असं मी म्हणणार नाही. पुढचे दोन-तीन आठवडे वाईट जातील. मग हळूहळू आग कमी होईल. लाली आणि लव जायला काही महिने लागतात. माघापर्यंत चेहरा शांत झालेला असेल, मेकअप सोसेल, एवढी आशा धरायला हरकत नाही. रंग तुझा पहिला होता तोच येईल.

त्यावरून सासूबाईंविषयी. त्या सहज बोलल्या असतील, आपल्याकडे ही वाक्यं सहजच बोलली जातात. पण तू ते सहज घेतलं नाहीस, म्हणून तर हे पत्र आलं. होणाऱ्या नवऱ्याला हे सगळं सांग, आईची सूज आणि रिसेलरचं प्रकरण धरून. आपल्या आईशी बोलायचं काम त्याचं आहे, तुझं नाही. तो काय म्हणतो ते तुला लग्नाआधी कळलेलं चांगलं. आणि फोटो उजळवायचे असतील तर त्याला फोटोग्राफर आहे, त्याचे पैसे वेगळे दिलेत.

लग्नापर्यंत पार्लरमध्ये ब्लीच, फेशियल, डी-टॅन, वॅक्स यातलं चेहऱ्यावर काहीही नको. लव दिसते म्हणून तर नकोच नको. ब्रायडल पॅकेजमध्ये हे सगळं फुकट धरलेलं असतं, ते सोडून दे. हळद हातापायांना हवी तेवढी लावा, चेहऱ्याला मात्र नुसतं बोट टेकवायचं. करवल्या फासायला धावतीलच, म्हणून आत्याला नाहीतर मामीला आधी सांगून तिला शेजारी बसव. मेकअपची ट्रायल लग्नाच्या किमान दोन आठवडे आधी घे, तीही डॉक्टरांना विचारून. मेकअपवालीला खरं काय झालंय ते सांग. तिच्या वस्तू आदल्या दिवशी कानामागे लावून बघ, मॉइश्चरायझर तुझं तुझं ने, आणि रात्री मेकअप उतरवताना वाइप्सनं खसाखसा पुसू देऊ नकोस.

— तुझी डॉक्टर ताई